गोरखपूर बाजारातली निऑन छत्री

मुरलीधर धोट्यांचे गाल जरा लोंबत. चाळीसेक वर्षं काच फुंकून कातडी सैल पडली होती. सरकारी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागामागे एक पत्र्याची खोली होती. तिथे बसून ते मुलांनी फोडलेले कंडेन्सर जोडत, चंबूंना नवे गळे बसवत, प्राध्यापकांनी कागदावर काढलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्या काचेत उतरवून देत. वडील अमरावतीकडचे, रेल्वेत होते, बदलीवर जबलपूरला आले आणि परत गेलेच नाहीत. चेरीतालला दोन खोल्या आणि मागे अंगण एवढं घर. मुरलीधर तिथेच वाढले आणि तिथेच म्हातारे झाले.

गावात मात्र त्यांना कोणी कॉलेजच्या चंबूंवरून ओळखत नसे. ते ‘छत्रीवाले धोटे’ होते.

जबलपूरच्याच गोरखपूर बाजारात रामकृष्ण हिवरकरांचं छत्र्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. कलकत्त्याला माल घ्यायला गेले असताना रामकृष्णजींनी एका मिठाईच्या दुकानावर काचेच्या नळ्यांची, रंगीत उजेडाची पाटी पाहिली आणि तिने त्यांना वेडच लावलं. हे १९७२ सालचं. मुरलीधर तेव्हा पंचवीस वर्षांचे. दोनच वर्षांपूर्वी एका सिनेमा टॉकीजच्या पाटीसाठी कलकत्त्याचा एक कारागीर जबलपुरात मुक्कामाला होता. कॉलेज सुटलं की मुरलीधर त्याच्याजवळ जाऊन बसत. जाळावर नळी कशी फिरवायची, वाकवताना ती चपटी होऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाने केवढी फुंकर घालायची, आतली हवा काढून गॅस कसा भरायचा, हे सगळं त्यांनी त्याच्याकडून उचललं होतं.

रामकृष्णजी म्हणाले, “मुरली, अशी छत्री कर की ती आपोआप उघडून राहिली पाहिजे.”

चार महिने लागले. आधी मिटलेली छत्री लाल उजळे, मग अर्धी उघडलेली, मग पूर्ण. पूर्ण उघडली की वरून निळे थेंब ओघळत. दांड्याची मूठ हिरवी. खाली दुकानाचं नाव. त्यातल्या ‘ष्ण’ने त्यांच्या सात नळ्या खाल्ल्या. एकच नळी न तोडता सगळं अक्षर वळवायचं आणि जो भाग दिसायला नको त्यावर काळा रंग मारायचा, असं ते काम.

पंचवीस वर्षं ती छत्री उघडत राहिली. “छत्रीखाली भेटू,” असं लोक म्हणत. इटारसीहून, कटनीहून येणाऱ्या पाहुण्यांना तीच खूण सांगितली जाई. लग्नाआधी मुरलीधर आणि हेमलता पहिल्यांदा समोरासमोर आले तेही तिथेच, तिच्या भावाच्या साक्षीने. हेमलता सगळा वेळ वर छत्रीकडे बघत उभी होती. नवरा मुलगा कसा दिसतो हे तिला घरी गेल्यावर भावाला विचारावं लागलं.

मग ट्रान्सफॉर्मर जळला. रामकृष्णजी अंथरुणाला खिळले. ते गेले, दुकान बंद झालं. पतंगांचे मांजे अडकले, माकडांनी उड्या मारल्या, नळ्या एकेक करून फुटल्या. वर गंजलेला सांगाडा आणि दोनचार तुकडे राहिले. खाली शटर ओढलेलं, आणि माडीवर रामकृष्णजींच्या पत्नी बेबीताई एकट्या. मुलगी अंजनी नागपूरला दिलेली.

२०१५ मध्ये विजय नगरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेने, विनीताने, आपल्या आजोबांच्या अल्बममधला एक फोटो मोबाइलवरून सगळ्यांना पाठवला. पावसात भिजलेला रस्ता आणि वर उघडी छत्री. आठवड्याभरात तो फोटो गावभर फिरला. जबलपूर सोडून वीस वर्षं झालेले लोक परदेशातून लिहू लागले. विनीताला मराठी समजे, पण बोलायला ती कचरायची. ती चेरीतालला आली आणि दारातच म्हणाली, “काकाजी, आप फिर से बना सकते हैं क्या?”

मुरलीधरांनी गाल चोळले. अडुसष्ट वर्षांचं वय. “फुंकर निघाली पाहिजे बेटा,” ते म्हणाले. पण त्याच दुपारी त्यांनी माळ्यावरचा जुना बर्नर खाली काढला.

गणपती मंडळाच्या खोलीत बैठक झाली. समिती बनली. सचिव म्हणून गुणवंत खापरे यांचंच नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, कारण अर्ज लिहायचा तर गुणवंतनेच, हे गावातल्या मराठी घरांत ठरलेलं होतं. डिफेन्स फॅक्टरीत ते ऑफिस सुपरिंटेंडंट होते. कोणाचं पेन्शन अडलं, कोणाची बदली रोखायची असली, की गुणवंतांचं इंग्रजी पुढे व्हायचं. मुरलीधरांचे ते जिवलग. दर रविवारी दोघं नर्मदेवर ग्वारीघाटला स्नानाला जात, येताना पोहे-जिलेबी खात. चाळीस वर्षांत या नेमात खंड पडला तो फक्त कोणाच्या आजारपणात किंवा सुतकात.

खर्च उचलणारी कंपनी आणली ती गुणवंतांनीच. ‘सुखच्छाया विमा’ असं तिचं नाव, आणि बोधचिन्हच मुळी छत्री. गुणवंतांचा मुलगा चंद्रशेखर नोकरीच्या शोधात कंपनीच्या ऑफिसात गेला होता, तिथे गोष्ट निघाली. कंपनीने गॅस, इलेक्ट्रोड, नवा ट्रान्सफॉर्मर, सगळं कबूल केलं. गावानेही हात आखडला नाही. वेल्डरने सांगाडा नव्याने जोडून दिला, इलेक्ट्रिशियनने वायरिंग अंगावर घेतली. घमापूरच्या एका बाईंनी भावाने लहानपणी उचलून ठेवलेला निळ्या नळीचा तुकडा कापसात गुंडाळून आणला. त्यावरून मुरलीधरांना थेंबांची जाडी मिळाली.

काम सुरू होण्याआधी गुणवंत चार पानांचा इंग्रजी कागद घेऊन आले.

“यावर बेबीताईंची सही पाहिजे. पाटी त्यांच्या मालकीची ना.”

“काय आहे यात?”

“परमिशन. दुरुस्ती करायची परवानगी, बस. मी सगळा वाचून काढला. तूच जा मुरल्या, तुझ्या शब्दावर त्या लगेच सही करतील.”

मुरलीधर मॅट्रिक झालेले. इंग्रजी म्हणजे बाटल्यांवरची लेबलं. त्यांनी पानं चाळली, शेवटच्या पानावर कंपनीचा शिक्का आणि छापील छत्री दिसली, आणि घडी घालून ते बेबीताईंकडे गेले.

बेबीताईंनी चष्मा लावला, काढला. “मला काही समजून नाही राहिलं. हा अंजनीकडे पाठवू का नागपूरला? तिचा नवरा वाचून देईल.”

“त्यात आठवडा जाईल ताई. दुरुस्तीची परवानगी आहे.”

“तू वाचला काय?”

“हो,” मुरलीधर म्हणाले.

बेबीताईंनी चारही पानांवर सही केली. ‘बेबी रामकृष्ण हिवरकर’, लहान मुलीसारख्या गोल अक्षरांत. वर लाडू दिला. येताना मुरलीधरांना त्या ‘हो’चं काही वाटलं नाही. गुणवंतने वाचलं म्हणजे आपणच वाचल्यासारखं, अशी चाळीस वर्षांची सवय.

त्या पावसाळ्यात मागच्या अंगणात पत्रा टाकून त्यांनी काम मांडलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावर खडूने छत्री काढली. पहिले पंधरा दिवस नळी फुटण्याखेरीज काही झालं नाही. फुंकर अर्ध्यात संपे, वळणावर काच बसून जाई. हेमलता तुकडे झाडून घेत, मुकाट्याने चहा ठेवून जात. एकदा मात्र त्यांनी विचारलं, “काहून जीव काढून राहिले? डॉक्टरने काय सांगितलं होतं?”

“एक वळण आलं की सगळी येतील.”

आणि ते आलं. अर्ध्या उघडलेल्या छत्रीची कमान एका दमात, कुठेही न दबता वळली. मुरलीधर नळी हातात धरून अंगणात तसेच उभे राहिले, थंड होईपर्यंत. मग त्यांनी ती हेमलतांना दाखवली. हेमलतांना त्यात काय पाहायचं ते कळलं नाही, पण नवऱ्याचं तोंड पाहून त्या हसल्या.

कंपनीचे लोक कॅमेरा घेऊन आले, मुरलीधरांचे फुगलेले गाल जवळून टिपून घेऊन गेले. गुणवंत रोज संध्याकाळी येऊन बसत. कधी ते गप्प असत. मुरलीधरांना वाटे, मुलाच्या नोकरीची काळजी असेल. ऑगस्टमध्ये चंद्रशेखरला सुखच्छायात नोकरी लागली, तेव्हा गुणवंतांनी पेढे आणले. मुरलीधरांनी दोन उचलले.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी सातला, छत्री पुन्हा उजळली. गोरखपूर बाजार पूर्ण तुंबला होता. मिटलेली लाल, अर्धी, पूर्ण, आणि निळे थेंब. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी नुसता ‘हां’ असा एक मोठा आवाज निघाला. बेबीताईंना खुर्ची टाकून रस्त्यापलीकडे बसवलं होतं. त्यांनी मुरलीधरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कंपनीच्या साहेबांनी हिंदीत भाषण केलं. त्यात ‘हमारी छत्री’ हे शब्द चारदा आले. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्या दिवशी ती सगळ्यांचीच होती.

चार महिने ती उघडत राहिली. मुरलीधर रोज संध्याकाळी टेम्पोने जाऊन एकदा बघून येत.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास विनीताचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. “काकाजी, जल्दी आइए. उतार रहे हैं.”

ते पोचले तेव्हा अर्धी छत्री खाली आली होती. ट्रकमध्ये थर्मोकोलचे खोके, हातमोजे घातलेले लोक, आणि एकेक नळी कापडात गुंडाळून नीट ठेवणं चाललेलं. त्यांची ही निगा बघून मुरलीधरांना क्षणभर वाटलं, धुवायला नेत असतील.

“कहाँ ले जा रहे हो भैया?”

“भोपाल. नया हेड ऑफिस बना है, लॉबी में लगेगी.” उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज अगदी सौम्य होता. त्याने फाइल उघडून कागद दाखवला. तीच चार पानं. विनीताने तिसऱ्या पानावरची ओळ वाचली आणि मग हिंदीत सांगितली. पाटीच्या मालकीणबाई ती पाटी, तिच्या सगळ्या सुट्या भागांसकट आणि रचनेच्या हक्कांसकट, कायमची आणि स्वखुशीने कंपनीला भेट देत आहेत. कंपनी ती वाटेल तिथे हलवू शकेल.

खाली गोल अक्षरं. बेबी रामकृष्ण हिवरकर.

मुरलीधरांनी वर पाहिलं. बेबीताई माडीच्या खिडकीत उभ्या होत्या. त्या ट्रककडे बघत नव्हत्या, मुरलीधरांकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी खिडकी लावून घेतली.

तिथून मुरलीधर थेट गुणवंतांच्या घरी गेले. गुणवंत व्हरांड्यात पेपर वाचत होते. मुरलीधरांना बघून त्यांनी पेपर खाली ठेवला, आणि त्या ठेवण्यातच सगळं कळलं.

“तू वाचला होता ना तो कागद?”

“बस आधी. पाणी घे.”

“गुणवंत, वाचला होता?”

“वाचला होता.”

“मग मला काहून नाही सांगितलं?”

गुणवंतांनी पेपरची घडी घातली. “सांगितलं असतं तर तू काम केलं असतंस? नसतंस केलं. छत्री तिथेच सडून गेली असती. आता निदान चांगल्या जागी जाते आहे, एसीत राहील. अरे, जगेल ती.”

“आणि चंद्रशेखरची नोकरी?”

“त्याचा संबंध नाही.” मग आवाज उतरला. “असला तरी बाप म्हणून मी काय करायचं होतं? अठ्ठावीसचा झाला होता पोरगा. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं काही. पण मला समजलं ना.”

“मला पाठवलंस बेबीताईंकडे. तू स्वतः नाही गेलास.”

आतून गुणवंतांची पत्नी इंदू चहा घेऊन आली. “भाऊजी, बसा ना,” म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. मुरलीधर चहा न घेता निघाले. इंदूच्या हातचा चहा नाकारण्याची ती पहिली वेळ, आणि रस्त्याने चालताना त्यांना त्याचंच जास्त लागलं.

बेबीताईंकडे जायला त्यांना दोन दिवस लागले. दार उघडंच होतं. बेबीताई तांदूळ निवडत होत्या.

“ताई, मी तो कागद वाचला नव्हता,” मुरलीधर दारातूनच म्हणाले. “मला वाचता येत नव्हता. गुणवंतने सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं.”

बेबीताईंचा हात थांबला नाही. “कंपनीवाले परके. गुणवंत तुझा दोस्त, माझा कोणी नाही. मी काही त्यांना विचारलं नव्हतं, मुरली. तुला विचारलं होतं.”

“चुकलं माझं.”

“मी अंजनीकडे पाठवते म्हणत होती ना?”

“तुम्ही म्हणत होतात.”

“चलो, झालं,” त्या म्हणाल्या. सुपातला एक खडा त्यांनी काढून बाजूला ठेवला. मुरलीधर उभेच होते. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. शेवटी ते जिना उतरले.

समितीने कंपनीला पत्रं लिहिली. आता इंग्रजी विनीताचं होतं. एका वकिलाने सांगितलं की केस उभी राहील, पण वर्षं जातील आणि बेबीताईंना कोर्टात यावं लागेल. बेबीताईंनी नकार दिला. मग हळूहळू एकेकजण गळला. कोणी म्हणालं, तिथे सुरक्षित आहे. कोणी भोपाळला जाऊन तिच्यासमोर फोटो काढून आला आणि तो सगळ्यांना पाठवला. त्या फोटोत छत्रीशेजारी पितळी पाटी होती. विनीताने ती मोठी करून वाचली. त्यावर सुखच्छायाने हा वारसा जपल्याचं लिहिलं होतं. जबलपूरचं नाव होतं. रामकृष्णजींचं नव्हतं, मुरलीधरांचंही नव्हतं. दुकानाच्या नावाच्या नळ्या तर त्यांनी लावल्याच नव्हत्या. त्या ‘ष्ण’चं काय केलं असेल, हा विचार मुरलीधरांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिला. फेकून दिला असेल, की खोक्यात असेल?

ग्वारीघाटला जाणं त्यांनी सोडलं. गुणवंतही जात नसत, असं कोणीतरी सांगितलं. त्या उन्हाळ्यात बेबीताईंनी घर विकलं आणि त्या कायमच्या नागपूरला गेल्या. मुरलीधरांना हे पंधरा दिवसांनी बाजारात कळलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी दारात कंपनीची गाडी थांबली. आतून चंद्रशेखर उतरला. जरा जाड झाला होता. वाकून पाया पडला.

“काका, एक काम होतं. छत्रीचा मधला भाग बंद पडला. अर्धी उघडते ना, तो. मुंबईहून माणूस आणला, त्याच्याने नाही झालं. तुमच्यासाठी गाडी आणली आहे. संध्याकाळी परत सोडतो.”

मुरलीधरांना ऐकताक्षणी कळलं काय झालं असेल. डावीकडचा इलेक्ट्रोड, नळीत वीज सोडणारं ते टोक. तिथे नळी जोडताना त्यांच्या फुंकरीचा जोर जरा कमी पडला होता. लावतानाच त्यांनी मनात म्हटलं होतं, हा दोन वर्षांच्या वर जाणार नाही. दोन तासांचं काम. हात आपोआप गुडघ्यावर फिरू लागले, नळी जाळावर फिरवतात तसे.

“मग आता कशी दिसते?” त्यांनी विचारलं.

“मिटलेली दिसते, मग अंधार, मग एकदम उघडी.”

“वाईट दिसत असेल.”

“फार वाईट दिसते काका. म्हणून तर आलो.” मग तो म्हणाला, “बाबांनी सांगितलं नको जाऊ म्हणून. पण मला वाटलं, तुम्हाला तरी बरं वाटेल.”

हे पोर खोटं बोलत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मुरलीधरांना त्याचा रागही धड करता येईना.

“नाही येणार,” ते म्हणाले.

“काका, तुम्हीच केली आहे ती.”

“म्हणूनच नाही येणार.”

चंद्रशेखर आणखी अर्धा तास बसला, हेमलतांनी दिलेला चिवडा खाल्ला, आणि गेला. त्या दिवशी मुरलीधर जेवले नाहीत. दुपारभर ते अंगणात खाटेवर पडून होते आणि मनातल्या मनात तो इलेक्ट्रोड कापून काढत होते, नवा बसवत होते, पुन्हा कापून काढत होते. चारच्या सुमारास उठून त्यांनी नागपूरला फोन लावला. पूर्वीही चारदा लावला होता.

अंजनीने उचलला. “आई झोपली आहे काका.” दरवेळी ती हेच सांगत असे.

“उठवू नका,” मुरलीधर म्हणाले. “फक्त एवढं सांगा, ते लोक मला न्यायला आले होते. मी गेलो नाही.”

“बरं. सांगते.”

फोन ठेवण्याआधी अंजनीच्या मागे टीव्ही चालू असल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी खोकलं. मुरलीधरांनी थोडा वेळ रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. तिने निरोप दिला की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही.